आटपाट नगर, रावेर आणि ‘आपला भाग’ : बातमीच्या स्थळरेषेविषयी

१

मराठी वृत्तपत्रातील बातमीच्या आरंभी एक लहानशी ओळ असते : ‘रावेर, ता. १२’. वृत्तपत्राच्या कचेरीत तिला डेटलाइन म्हणतात. ती बातमीच्या आशयाचा भाग मानली जात नाही, आणि वाचकाची नजरही तिच्यावरून न थांबता पुढे सरकते. वृत्तलेखनाची चिकित्सा करणारा अभ्यासकही बातमीची भाषा, बातम्यांची निवड आणि त्या निवडीमागील हितसंबंध यांकडे वळतो. ही ओळ बाजूलाच राहते. परंतु बातमी या लेखनप्रकाराला अन्य कथनप्रकारांपासून वेगळे काढणारा घटक कोणता, असा प्रश्न विचारला तर शोध अखेर या ओळीपाशी येऊन थांबतो. तिला येथे ‘स्थळरेषा’ म्हटले आहे.

तुलनेसाठी व्रतकथांमधील कहाणीचा आरंभ पाहता येईल. कहाणी ‘आटपाट नगरा’पासून सुरू होते. हे नगर नकाशावर शोधायचे नसते, हे सांगणाऱ्या बाईला आणि ऐकणाऱ्या मुलांना सारखेच ठाऊक असते. नगराला पत्ता नाही म्हणून कहाणी खोटी ठरत नाही. उलट, पत्ता नसल्याची कबुली प्रथमच दिल्यामुळे ती खऱ्या-खोट्याच्या कसोटीबाहेर जाते. बातमी याच्या नेमका उलट करार करते. ‘रावेर, ता. १२’ असे म्हणताच ती स्वतःला पडताळ्यासाठी खुली करते. सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत असलेल्या या तालुक्याच्या गावी कोणीही जाऊ शकतो, त्या तारखेला काय घडले ते विचारू शकतो आणि बातमी खोटी पाडू शकतो. खोटे पाडता येण्याची ही शक्यता बातमीच्या विश्वासार्हतेचा पाया आहे.

गेल्या दीड-दोन दशकांत भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तिसऱ्याच प्रकारची संहिता रुळली आहे. ती ‘आपल्या भागात’, ‘आज’, ‘सर्वांनी सावध राहावे’ अशा शब्दांनी बोलते. ती आटपाट नगराची नाही, कारण आपण घडलेलेच सांगत आहोत असा तिचा दावा असतो. आणि ती रावेरचीही नाही, कारण कोठे व केव्हा घडले हे ती सांगत नाही. समाजमाध्यमे आणि ब्लॉग यांनी पत्रकारितेत घडवून आणलेल्या स्थित्यंतराची चर्चा बहुधा वेग, व्याप्ती आणि संपादकाची गच्छंती या तीन मुद्द्यांभोवती होते. हे तीनही मुद्दे खरे आहेत. पण मूलगामी बदल स्थळरेषेच्या बाबतीत झालेला आहे. शिवाय या दोन माध्यमप्रकारांना एकाच मापाने मोजणे चुकीचे आहे. ब्लॉगने संपादकाला दूर सारले, तरी स्थळरेषा आणि स्वाक्षरी टिकवून ठेवली. फिरवल्या जाणाऱ्या संदेशाने, म्हणजे रूढ भाषेत ‘फॉरवर्ड’ने, या दोन्हींचा त्याग केला. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे या विषयावरील बरेचसे विवेचन सरसकट स्वागत किंवा सरसकट विलाप यांत अडकून पडते.

२

स्थळरेषेची जोडीदार असलेली दुसरी ओळ वृत्तपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी असते. मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे व छपाईचे ठिकाण सांगणारी ही प्रिंटलाइन १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्यातून आली. त्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली, तरी ही ओळ कायम आहे. ती वसाहती शासनाने स्वतःच्या सोयीसाठी, राजद्रोही लेखकाला पकडता यावे म्हणून घालून दिली, यात शंका नाही. मिशेल फूको याने १९६९ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात मांडलेला विचार येथे तंतोतंत लागू पडतो : लेखनाला लेखकाचे नाव चिकटते, ते प्रथम त्या लेखनाबद्दल शिक्षा होऊ शकते म्हणून. परंतु शासनाने शिक्षेसाठी मागितलेले नाव मराठी पत्रकारितेने कालांतराने नैतिक जबाबदारीचे चिन्ह म्हणून स्वीकारले, हेही तितकेच खरे आहे.

या परिवर्तनाचे ठळक उदाहरण १८८२ चे आहे. कोल्हापूरचे दिवाण महादेव वासुदेव बर्वे यांच्याविरुद्धची काही पत्रे खरी मानून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी मजकूर प्रसिद्ध केला. ती पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांनी माफी मागितली. तरीही त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिले. आजच्या परिभाषेत सांगायचे तर, ज्या दोन पत्रांचा मराठीला सर्वाधिक अभिमान वाटतो त्यांच्याकडूनही आरंभीच्या काळात खोटी बातमी प्रसिद्ध झाली होती. यावरून हे स्पष्ट व्हावे की असत्य वृत्त ही समाजमाध्यमांची निर्मिती नाही. १८८२ मध्ये असत्याला पत्ता होता, एवढाच फरक. पुण्यातील एका छापखान्याचा पत्ता, दोन माणसांची नावे आणि अंकाची तारीख यांच्या आधारे त्या असत्याचा निकाल लागू शकला.

येथे एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. स्वाक्षरी म्हणजे खरे नाव असे नाही. ‘प्रभाकर’मध्ये १८४८ पासून प्रसिद्ध झालेली शंभरावर पत्रे ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने लिहिलेली होती. गोपाळ हरी देशमुख हे सरकारी सेवक होते. टोपणनावाची त्यांना गरज होती. पण ते नाव एका पत्रापासून दुसऱ्या पत्रापर्यंत स्थिर राहिले. वाचक आज वाचलेले विधान मागल्या आठवड्याच्या विधानाशी ताडून पाहू शकत होता, विसंगती दाखवू शकत होता, उत्तर देऊ शकत होता. आणि पत्राचे संपादक भाऊ महाजन उघडपणे त्यामागे उभे होते. निनावीपणा आणि निःस्थानता या दोन भिन्न गोष्टी आहेत. टोपणनावाने लिहिणारा स्वतःला झाकतो, पण लेखनाला एक जागा देतो. ही जागाच संवादाची पूर्वअट होय.

३

संपादकाच्या अधिकाराविषयीही भाबडेपणा परवडणारा नाही. संपादकाने राखलेले दार अनेकांसाठी कायम बंदच होते. १९२० साली ‘मूकनायक’ निघाले तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने छापली नाही, ही घटना या दाराचे स्वरूप सांगून जाते. मात्र डॉ. आंबेडकरांनी या वंचनेला दिलेले उत्तर विशेष लक्ष देण्याजोगे आहे. संपादनाची संस्थाच नको, असे त्यांनी म्हटले नाही. त्यांनी स्वतःचे पत्र, स्वतःचा पत्ता आणि स्वतःची जबाबदारी उभी केली. मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून नगर जिल्ह्यातील खेड्यातून ‘दीनमित्र’ चालवले, तेव्हाही हेच घडले. पुण्या-मुंबईच्या पत्त्यांखेरीज दुसरा पत्ता मराठी पत्रकारितेत उमटला आणि सत्यशोधक विचाराला खेड्याची स्थळरेषा मिळाली.

ब्लॉग हा या परंपरेचा वारस आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ (१८७४) हे जवळजवळ एकट्या माणसाचे मासिक होते. खानदेशापुरते पाहिले तर साने गुरुजींनी अमळनेरच्या छात्रालयात विद्यार्थ्यांसाठी हस्तलिखित दैनिक चालवले आणि मग तेथूनच १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक काढले. १९५५ च्या ‘शब्द’पासून पुढे साठच्या दशकात बहरलेल्या लघुनियतकालिकांनी चक्रमुद्रणाचा आधार घेऊन प्रस्थापित संपादकांना वळसा घातला. या सर्व प्रयत्नांत छपाईची साधने तोकडी होती. पण लिहिणारा कोण, लिहिले कोठून आणि कधी, हे लपलेले नव्हते. ब्लॉगची रचना पाहिली तर ती याच तत्त्वावर उभी आहे. प्रत्येक नोंदीवर तारीख असते, लेखकाचे नाव वा टोपणनाव असते, जुन्या नोंदी मागे जाऊन वाचता येतात आणि वाचकाची प्रतिक्रिया त्याच पानावर उमटते. मराठीत ब्लॉगसाठी ‘अनुदिनी’ हा शब्द योजला गेला. त्यातील दिनाचा उल्लेख या लेखनप्रकाराचे मर्म अचूक पकडतो.

देवनागरीला युनिकोडमध्ये स्थान मिळाल्यानंतर आणि ती सुविधा सामान्य संगणकांवर आल्यानंतर मराठी लेखनाला जो मोकळेपणा लाभला त्याचे मोल कमी नाही. १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘मायबोली’सारख्या संकेतस्थळांवर परदेशस्थ मराठी माणसे लिहू लागली, पुढे तालुक्याच्या गावातील शिक्षक, शेतकरी, अभियंता हेही लिहिते झाले. बातमीदाराने दोन परिच्छेदांत आटोपलेली घटना तेथील रहिवासी विस्ताराने, आठवणींसह आणि कधी बातमीला छेद देऊन मांडू लागला. वृत्तपत्राने केवळ ‘वाचकांचा पत्रव्यवहार’ या सदरात जागा दिलेल्या माणसाला स्वतःचे पान मिळाले. पत्रकारितेच्या लोकशाहीकरणाविषयी जे दावे केले जातात ते ब्लॉगच्या संदर्भात बऱ्याच अंशी रास्त आहेत, याचे कारण येथे अधिकाराबरोबर पत्ताही लिहिणाऱ्याकडे आला.

४

फिरवलेल्या संदेशाची संहिता याहून वेगळ्या घडणीची आहे. तिचे भाषिक विश्लेषण केले तर तिचा सारा भार दर्शक शब्दांवर असल्याचे आढळते. ‘मी’, ‘येथे’, ‘आज’, ‘आपला’ हे शब्द स्वतः कशाचाच निर्देश करत नाहीत. कोण, कोठे आणि केव्हा बोलतो यावर त्यांचा अर्थ ठरतो, हे रोमान याकोब्सन आणि एमिल बांव्हनिस्त यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले. समोरासमोरच्या बोलण्यात हे शब्द निर्धोक असतात, कारण बोलणारा समोर असतो. बातमीत ते स्थळरेषेला बांधलेले असतात : ‘रावेर, ता. १२’ असे वर लिहिल्यावर खाली येणारे ‘आज’ हे बाराव्या तारखेचेच असते, अंक रद्दीत गेल्यावरही. फिरवलेल्या संदेशातील ‘आज’ मात्र कोठेच बांधलेले नसते. तो ज्या दिवशी ज्याच्या हाती पडेल, त्या दिवसाचे आणि त्या माणसाचे ते ‘आज’ होते. ‘आपला भाग’ साक्रीत साक्रीचा होतो, मालेगावात मालेगावचा, रावेरात रावेरचा. यामुळे हा मजकूर कधी शिळा होत नाही आणि कोणत्याच गावाला परका वाटत नाही. या संहितेचे सामर्थ्य तिच्या आशयात नाही. तिच्या व्याकरणातील रिकाम्या जागांत आहे, आणि त्या जागा प्रत्येक वाचक आपल्या गावाने आणि आपल्या भीतीने भरतो.

हा केवळ शैलीमीमांसेचा प्रश्न नाही, हे खानदेशाने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठार मारले. ते पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे, भिक्षेसाठी फिरणारे आणि बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे रहिवासी होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश त्या दिवसांत भ्रमणध्वनींवरून सर्वत्र फिरत होते. पाचही जणांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेण्यात आले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. गावाच्या अधिकृत पत्त्याचे जे ठिकाण, जेथून दाखले निघतात, तेथे एका पत्ता नसलेल्या संहितेने माणसे मारली. ज्यांचा बळी गेला त्यांच्या जगण्याची रीतच भटकंतीची होती. स्थिर पत्ता नसलेल्या माणसांकडे गावाने पूर्वापार संशयाने पाहिले आहे, आणि वसाहती राजवटीने अनेक भटक्या जमातींना कायद्याने गुन्हेगार ठरवून त्या संशयावर शिक्कामोर्तब केले होते. संदेशातील रिकामी जागा भरण्यासाठी हा पूर्वसंशय तयारच होता.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एकीची कथा स्थळरेषेच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. मोटारसायकलवरून आलेली माणसे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात, असे तिच्यात दिसते. मुळात ही फीत पाकिस्तानातील कराची येथे, पालकांना सावध करण्याच्या हेतूने तयार केलेला अभिनीत लघुपट होता. त्याच्या शेवटी ती माणसे परत येतात, मूल सोडतात आणि एक फलक दाखवतात; त्या फलकावर कराचीचे नाव होते. भारतात फिरलेल्या प्रतीतून शेवटचा हा भाग कापलेला होता. म्हणजे कात्रीने दोनच गोष्टी काढून टाकल्या : हे नाटक आहे हे सांगणारी खूण आणि ते कोठले आहे हे सांगणारे नाव. आटपाट नगराची कबुली गेली आणि स्थळरेषाही गेली. उरलेले दृश्य कोणत्याही गावाचे होऊ शकत होते, आणि झाले.

५

यावर एक आक्षेप संभवतो. लोकसाहित्य हेही कर्त्याचे नाव नसलेले, तोंडातोंडी फिरणारे आणि गावोगाव रूप बदलणारे असते. मग फिरवलेला संदेश हा आधुनिक लोकसाहित्याचाच प्रकार का मानू नये? वॉल्टर आँग याने १९८२ मध्ये मांडलेली ‘द्वितीय मौखिकते’ची कल्पना या आक्षेपाला सैद्धांतिक बळ देते. परंतु मौखिक परंपरेत संहितेला नाव नसले तरी ती सांगणारे शरीर असते. जात्यावरची ओवी कोणाच्या तरी गळ्यातून, कोणत्या तरी घरात, पहाटेच्या वेळी येते. ऐकणारा ओवी ऐकतो त्याच क्षणी गाणारीला पाहतो. बहिणाबाई चौधरींनी कामाच्या ओघात रचलेली गाणी इतरांनी टिपून ठेवली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली, तेव्हाही आसोद्याचे माहेर, जळगावचे सासर आणि त्या बाईचे नाव त्या गाण्यांपासून तुटले नाही. मौखिकतेत सांगणारा हीच स्थळरेषा असते. फिरवलेल्या संदेशाने लेखनाकडून हुबेहूब नक्कल होण्याची क्षमता घेतली आणि मौखिकतेकडून नावाचा अभाव घेतला. पण लेखनाचा पत्ता आणि मौखिकतेचे शरीर या दोन्हींचा लाभ नाकारला.

दुसरा आक्षेप तंत्राविषयीचा आहे. माध्यमच असे आहे की त्यात स्थळरेषा टिकणे शक्य नाही, असे म्हटले जाते. या तांत्रिक नियतिवादाला रावेर तालुक्यातील रोजचा व्यवहार उत्तर देतो. केळी हे या भागाचे मुख्य पीक. केळीचा भाव हा येथील सर्वाधिक उत्सुकतेने वाचला जाणारा मजकूर. पूर्वी तो दैनिकांच्या जळगाव आवृत्तीत शोधला जाई, आता तो भ्रमणध्वनीवर येतो. पण हा संदेश कसा असतो? रावेरचा भाव की बऱ्हाणपूरचा, तारीख कोणती, नवतीचा दर की पिलबागेचा, हे त्यात असावेच लागते. स्थळ आणि तारीख नसलेला भाव फुकट असतो, कारण त्याच्या आधारे सौदा करता येत नाही. आणि चुकीचा भाव त्याच दिवशी व्यापाऱ्यासमोर उघडा पडतो. म्हणजे तेच यंत्र, तोच समूह, तीच माणसे. एक संदेश काटेकोर स्थळरेषेसह फिरतो आणि दुसरा तिच्यावाचून. हा भेद माध्यमातून येत नाही. वाचक मजकुराकडे कशासाठी पाहतो यातून येतो. जेथे वाचकाला स्वतः व्यवहार करून पडताळा घ्यायचा असतो तेथे तो पत्ता मागतो. जेथे त्याला केवळ आपली भीती वा आपला अभिमान पुष्ट करून घ्यायचा असतो तेथे पत्ता त्याला अडचणीचाच वाटतो.

तालुक्याच्या बातमीदारालाही या निकषावर तपासले पाहिजे. वृत्तपत्रातील ‘रावेर’ ही स्थळरेषा अनेकदा घटनेचे ठिकाण नसून बातमीदाराच्या बसण्याचे ठिकाण असे. सातपुड्यातील तडवी आणि पावरा वस्त्यांत घडलेले ‘रावेर’ या एका शब्दाखाली, आणि तेही क्वचितच, येत असे. अल्प मानधनावर काम करणारा आणि जाहिराती मिळवण्याची जबाबदारी अंगावर असलेला हा बातमीदार ज्यांच्या जाहिराती आणतो त्यांच्याविषयी कितपत लिहू शकेल, हा प्रश्न जुनाच आहे. आता तोच बातमीदार छापील पत्रासाठी लिहितो, स्वतःचा बातम्यांचा समूह चालवतो आणि चित्रफितींची वाहिनीही काढतो. त्याच्या हाती पाड्यापर्यंत पोहोचणारे साधन आले आहे. ‘रावेर’ऐवजी खुद्द पाड्याचे नाव स्थळरेषेत लिहिण्याची ही संधी आहे. ती साधली गेली तर नव्या माध्यमाने जुन्या पत्रकारितेची उणीव भरून काढली असे म्हणता येईल. न साधली तर गावोगावच्या समूहांत वाढदिवसांच्या जाहिराती आणि फिरवलेले संदेश तेवढे उरतील.

६

राईनपाड्यासारख्या घटनांनंतर उपाय म्हणून जे बदल झाले त्यांचे वाचनही या दृष्टीने करता येते. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने फिरवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवण्यास सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश फिरवण्याची मर्यादा घातली. वेगाला आळा बसण्याच्या दृष्टीने मर्यादेचा उपयोग आहे. खुणेचे मात्र चिन्ह म्हणून स्वरूप संदिग्ध आहे. ती ‘हे पाठवणाऱ्याचे नाही’ एवढेच सांगते. कोणाचे आणि कोठले, हे सांगत नाही. वाचकाला ती सावध करते, त्याचबरोबर पाठवणाऱ्याला दोषमुक्तही करते. प्रिंटलाइन जबाबदारी घेण्याची ओळ होती. ही खूण जबाबदारी नाकारण्याची ओळ होऊ शकते.

शासनाचा मार्ग दुसरा आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या संदेशसेवांकडून संदेशाचा मूळ कर्ता शोधून देण्याची अपेक्षा केली. त्याला व्हॉट्सॲपने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. येथे पुन्हा फूकोचेच सूत्र प्रत्ययाला येते : शासनाला लेखक हवा असतो तो शिक्षेसाठी. आणि या शिक्षेचा अनुभव महाराष्ट्राला सुखद नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथील दोन तरुणींना, एकीला फेसबुकवरील मजकुरासाठी आणि दुसरीला तो पसंत केल्याच्या खुणेसाठी, अटक झाली. त्या घटनेतून सुरू झालेल्या न्यायालयीन लढाईत सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्दबातल ठरवले. पालघर आणि राईनपाडा ही दोन नावे शेजारी ठेवली की समाजमाध्यमांच्या युगातील विपर्यास स्पष्ट होतो. जिने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या गावातून मत मांडले तिच्या दारात पोलीस आले. ज्या मजकुराने पाच माणसांचा जीव घेतला त्याला दारच नव्हते. सहीने लिहिणे धोक्याचे आणि सहीवाचून फिरवणे निर्धोक, असा धडा यातून समाजाने घेतला तर दोष एकट्या माध्यमाचा मानता येणार नाही. मूळ कर्त्याचा शोध हे अस्त्र सत्तेच्या हाती गेल्यास त्याचा पहिला वार अफवा पसरवणाऱ्यावर होईल की गैरव्यवहार उघड करणाऱ्यावर, याविषयी निश्चिंत राहता येत नाही.

म्हणून नाव आणि स्थळ यांत येथे भेद केला आहे. भीतीपोटी वा सुरक्षिततेसाठी नाव झाकण्याचा अधिकार लोकहितवादींना होता, तसा आजच्या लेखकालाही असला पाहिजे. पण कोठे, केव्हा आणि कशाच्या आधारे, हे सांगण्याची जबाबदारी टोपणनावानेही टळत नाही. पत्रकारितेच्या नव्या नीतीचा किमान नियम एवढाच असू शकतो.

७

साहित्यसमीक्षेने या प्रश्नाकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही. उलट, तिच्यावर एक जुने देणे आहे. रोलाँ बार्थ याने १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. पुढे मराठी समीक्षेतही संहिता लेखकाच्या हेतूपासून मुक्त करण्याची भाषा रुजली आणि तिचा लाभ झाला. चरित्राच्या आणि हेतूच्या जोखडातून वाचन सुटले, वाचकाला अर्थनिर्मितीत वाटा मिळाला. परंतु त्या सिद्धांताची भूमी साहित्यकृती ही होती, म्हणजे ज्या संहितेने आटपाट नगराचा करार आधीच केलेला असतो अशी संहिता. घडलेले सांगण्याचा दावा करणाऱ्या संहितेला तोच सिद्धांत जसाच्या तसा लावला तर वाचकाचे स्वातंत्र्य जमावाच्या स्वातंत्र्यापासून वेगळे ओळखता येत नाही. राईनपाड्यातील वाचकांनी संहितेचा अर्थ स्वतःच निर्माण केला होता. लेखकाच्या अनुपस्थितीत अर्थ वाचकाकडे येतो, हे बार्थचे म्हणणे तेथे अक्षरशः खरे ठरले. म्हणून वाङ्मयीन संहिता आणि वृत्तसंहिता यांच्यातील करारांचा भेद सिद्धांताच्या पातळीवर नव्याने मांडणे आवश्यक झाले आहे.

याचबरोबर या माध्यमाच्या एका आश्वासक बाजूची नोंद घेतली पाहिजे. वृत्तपत्राची भाषा प्रमाण मराठी होती. अहिराणी किंवा रावेर-यावल परिसरातील लेवा गणबोली बातमीत आली तर अवतरणचिन्हांत, बहुधा विनोदासाठी. भ्रमणध्वनीवर आणि चित्रफितींत या बोली आज स्वतःच्या हक्काने लिहिल्या-बोलल्या जातात. बोलीतील मजकूर आपले ठिकाण लपवू शकत नाही. क्रियापदाच्या एका रूपावरून तो तापीच्या कोणत्या काठचा हे जाणत्याला कळते. भाषाच तेथे स्थळरेषेचे काम करते. याउलट अफवेला कोणत्याच गावची नसलेली, सूचनाफलकासारखी सपाट भाषा सोयीची असते, कारण तिला सर्वत्र वावरायचे असते. बोलीतील वृत्तलेखन हा केवळ अस्मितेचा वा लोकरंजनाचा विषय न राहता पडताळ्याचे साधन होऊ शकतो, ही शक्यता अभ्यासकांनी तपासून पाहण्यासारखी आहे.

त्यासाठी सामग्री दूर शोधावी लागणार नाही. एका तालुक्यातील एका आठवड्याच्या छापील बातम्या, त्याच आठवड्यातील स्थानिक वाहिन्यांचा मजकूर आणि त्याच भागात फिरलेले संदेश एकत्र मांडून त्यांतील स्थळ, काळ, आधार आणि दर्शक शब्द यांची तुलना करणे हे पदव्युत्तर पातळीवरील अभ्यासालाही झेपण्याजोगे काम आहे. अशा अभ्यासातून वृत्तलेखनाच्या मीमांसेला ठोस पाया मिळेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पुढ्यात आलेल्या मजकुराला ‘कोठले?’ आणि ‘कधीचे?’ हे दोन प्रश्न विचारण्याची सवय भाषेच्या वर्गात लागेल. केळीचा भाव विचारताना रावेरचा शेतकरी हे दोन प्रश्न रोज विचारतो. ज्या मजकुरावर माणसांचे प्राण अवलंबून असतात त्यालाही तेच विचारले गेले पाहिजेत.